बिथिनिया-पोंटस : काळ्या समुद्राकाठचा रोमचा डोकेदुखी प्रांत

पैलतीर

इ.स. ११० च्या आसपास निकोमिडिया शहरात (आजचं तुर्कस्तानातलं इझमित) मोठी आग लागली. वारा सुटलेला. कितीतरी घरं जळाली आणि मध्ये रस्ता असूनही पलीकडचं ज्येष्ठांचं सभागृह आणि इसिस देवीचं देऊळ खाक झालं. लोक हाताची घडी घालून बघत उभे. सार्वजनिक म्हणावा असा पाणी मारायचा एक पंप नाही, एक बादली नाही. सुभेदार धाकटा प्लिनी त्या वेळी प्रांताच्या दुसऱ्या भागात दौऱ्यावर होता. त्याने सम्राट ट्राजानला लिहिलं की, दीडशे कारागिरांचं एक आग विझवणारं पथक उभं करू का? कारागीर सोडून कुणाला घेणार नाही, आणि इतक्या थोड्या माणसांवर नजर ठेवणं काही अवघड नाही.

ट्राजानचं उत्तर आलं : नको. या प्रांताला, विशेषतः तुमच्या त्या शहरांना, असल्या मंडळांनीच छळलंय. नाव काहीही द्या, लवकरच त्याचा राजकीय कंपू होतो. साधनं घेऊन ठेवा, घरमालकांनी ती वापरावीत, लागलं तर जमलेल्या गर्दीची मदत घ्यावी.

शहर जळालं तरी चालेल, पण दीडशे माणसं एकत्र येता कामा नयेत, असा हा प्रांत. त्याच्यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर, पश्चिमेला बिथिनिया आणि पूर्वेला पोंटस अशी दोन राज्यं होती. बिथिनियाचा राजा चौथा निकोमिडीज रोमच्या सावकारांच्या आणि सेनापतींच्या मुठीत होता. इ.स.पू. ७४ च्या सुमारास तो वारला आणि जाताना राज्य मृत्युपत्रानं रोमला देऊन गेला. पोंटसचा राजा सहावा मिथ्रिडेटीज हे मान्य करेल हे शक्यच नव्हतं. इ.स.पू. ८८ मध्ये त्याने आशिया मायनरमधल्या रोमन आणि इटालियन लोकांची एकाच वेळी कत्तल करवली होती (जुने लेखक ८०,००० चा आकडा देतात, तो फुगवलेला असावा). पुन्हा युद्ध पेटलं. रोमकडून आधी लुकुलस, मग पॉम्पी हे सेनापती लढले. शेवटी इ.स.पू. ६३ मध्ये क्रिमियात, पोटच्या पोराच्या बंडात कोंडीत सापडून मिथ्रिडेटीज मेला. आयुष्यभर थोडं थोडं विष पचवल्यामुळे विषानं तो मरेना, म्हणून अंगरक्षकाला तलवार चालवायला सांगावं लागलं, अशी कथा आहे.

पॉम्पीने बिथिनिया आणि पोंटसचा मोठा भाग एकत्र केला, पोंटसच्या वाट्याची अकरा नगरराज्यांत वाटणी केली आणि कारभाराचा कायदा लावून दिला. नगरसभेत येण्यासाठी किमान वय तीस, एकदा आलेला सभासद जन्मभर. हा कायदा पॉम्पीच्या मागे जवळपास पावणेदोनशे वर्षांनीही चालू होता आणि प्लिनी त्यातल्या कलमांवर डोकं खाजवत होता.

आता मुद्द्याचं. या प्रांतात रोमचं एकही मोठं सैन्यदळ नव्हतं. थोड्या मदतनीस तुकड्या, बस. कारभार हाकत होते गावोगावचे श्रीमंत. त्यांची आपसांत चुरस, शहराशहरांत चुरस, आणि त्या चुरशीपायी बांधकामं. निकोमिडियाने पाण्याच्या नळावर (उंच कमानींवरून येणारा, तसला) ३३,१८,००० सेस्टर्स (रोमन नाणं) खर्च केले, अर्धवट सोडला, पाडलासुद्धा. मग दुसरा सुरू केला, त्यात दोन लाख घातले, तोही सोडला. त्या काळी साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार १,२०० सेस्टर्स. म्हणजे अडीच हजारांहून जास्त शिपायांचा वर्षाचा पगार पाण्यात, आणि पाणी मात्र नाही. ट्राजानने उत्तरात प्लिनीला बजावलं आहे की, हा पैसा कुणाच्या चुकीनं गेला ते शोधा, नाहीतर ही मंडळी एकमेकांची सोय बघत नळ सुरू करायची आणि सोडून द्यायची.

निकियात (आजचं इझनिक) नाटकगृहावर एक कोटीच्या वर गेले. इमारत खचतेय, भेगा पडल्यात. बिथिनियममध्ये, म्हणजे क्लॉडिओपोलिसमध्ये, डोंगराच्या पायथ्याशी खड्ड्यात प्रचंड स्नानगृह खणणं चालू. बायझँटियम (आजचं इस्तंबूल) दरवर्षी सम्राटाला नुसता नमस्कार पोचवायला एक वकील रोमला पाठवायचं, त्याचा खर्च १२,००० सेस्टर्स. प्लिनीने तो बंद केला, नमस्कार चिठ्ठीतून पाठवा म्हणाला.

एरवी हा प्रांत रोमच्या सिनेटकडे होता, वर्षावर्षाला चिठ्ठी टाकून सुभेदार यायचा. हिशेबांचा पार बोजवारा उडाला तेव्हा ट्राजानने तो तात्पुरता आपल्याकडे घेतला आणि खास अधिकार देऊन प्लिनीला धाडला. १७ सप्टेंबरला तो प्रांतात पोचला आणि लगेच प्रुसा शहराच्या (आजचं बुर्सा) वह्या उघडून बसला. आल्या आल्या रोमहून मोजणीदार मागितला, बांधकामांची मोजमापं तपासली तर ठेकेदारांकडून बरेच पैसे वसूल होतील म्हणून. उत्तर : मोजणीदार मला रोमच्याच कामांना पुरत नाहीत, विश्वासू माणसं प्रत्येक प्रांतात मिळतात, तिथेच शोधा.

माझं मत असं की रोमची इथली सत्ता म्हणजे या स्थानिक बड्या धेंडांना दिवाळखोर होऊ न देण्याची कसरत होती. बाकी चर्चा प्रतिसादांत.

---

नुसताच_वाचक

भारी. वाचनखूण साठवली आहे. आगीचा किस्सा वाचून गंमत वाटली आणि चीडही आली.

---

वाळू_सिमेंट

निकियाच्या नाटकगृहाबद्दल प्लिनीने नेमकं काय लिहिलंय ते वाचलं. तो दोन शक्यता देतो : जमीन ओलसर आणि भुसभुशीत आहे, नाहीतर दगडच कच्चा आणि ठिसूळ आहे. साइटवर दोन-चार चकरा मारलेला कोणीही हेच दोन प्रश्न आधी विचारेल. इझनिक तळ्याच्या काठी आहे, तेव्हा पहिल्या कारणाला माझं मत.

त्याच पत्रात आणखी रंजक गोष्ट आहे. जळालेली व्यायामशाळा आधीपेक्षा मोठी बांधायला घेतलेली. नवा वास्तुविशारद सांगतो, भिंती बावीस फूट जाड असल्या तरी वरचा भार पेलणार नाहीत, कारण आतला भराव नुसता दगडगोट्यांचा आहे आणि बाहेरून विटांचं बांधकाम नाही. प्लिनी लगेच कंसात टाकल्यासारखं लिहितो की हा आधीच्या माणसाचा प्रतिस्पर्धी आहे हं. म्हणजे दुसरं मत घ्यायचं, पण देणाऱ्याचा हेतूही नोंदवायचा. बिल्डिंगचं स्ट्रक्चरल ऑडिट करवून घेतलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे लगेच कळेल.

नाटकगृहाला वरचे मजले आणि भोवतीचे मंडप खाजगी लोकांनी देणगी म्हणून कबूल केलेले. मूळ काम पुरं होईना म्हणून तेही अडकले. ट्राजान वैतागून म्हणतो, या ग्रीकांना व्यायामशाळांचं वेडच. वर पुन्हा, रोमहून वास्तुविशारद कशाला मागता, आमच्याकडे ते ग्रीसहूनच येतात.

---

खडूस_लेखापाल

प्लिनीचं कौतुक जरा जास्त होतंय असं वाटलं. माणूस प्रामाणिक, पण प्रत्येक गोष्ट वर विचारायची ही कसली पद्धत? तुरुंगावर पहारा गुलामांचा ठेवू की शिपायांचा? विचार सम्राटाला. आमास्ट्रिस शहराच्या मुख्य रस्त्यालगत नदीच्या नावाखाली उघडं गटार वाहतंय, झाकू का? विचार सम्राटाला. अहो, झाका की!

हिशेबाच्या बाबतीत मात्र एक पत्र मला फार आवडतं. नगरपालिकांचे पैसे वसूल होऊन तिजोरीत पडून आहेत. जमीन विकत घ्यायला मिळत नाही, आणि सावकारी दरानं म्हणजे बारा टक्क्यांनी सरकारी कर्ज घ्यायला कुणी तयार नाही. प्लिनीची सूचना : व्याज कमी करू, तरी कोणी घेईना तर नगरसभेच्या सभासदांच्या गळ्यात बळेच मारू. ट्राजान म्हणतो, व्याज कमी करायला हरकत नाही, पण ज्याला नको त्याच्या माथी कर्ज मारणं आमच्या काळाच्या न्यायाला शोभत नाही. दोघांपैकी इथे कोण शहाणा, ते सांगायला नको.

---

पैलतीर

@खडूस_लेखापाल, गटाराच्या पत्रावर मीही हसलोय. पण दोन गोष्टी बघा. एक, सिनेटचा प्रांत सम्राटाने हाती घेतलेला, अधिकार नवे, त्यामुळे कुठे हात घालायचा आणि कुठे नाही हे त्याला स्वतःलाच उमगत नव्हतं. दुसरं, त्याच्या आधीचे दोन सुभेदार, जुलियस बासस आणि वरेनस रूफस, यांच्यावर बिथिनियाच्या लोकांनी रोममध्ये लाचखोरीचे खटले भरले होते. आणि त्या दोघांची वकिली कोणी केली? प्लिनीनेच. इथली माणसं किती पटकन कोर्टात खेचतात हे त्याने जवळून पाहिलं होतं. प्रत्येक गोष्टीवर वरची सही घेऊन ठेवणं त्याच्या दृष्टीनं शहाणपणाचं होतं.

शिवाय टपाल काही रोजचं नव्हतं. पत्र जाऊन उत्तर यायला महिने जात. म्हणजे तातडीचं काम तो स्वतःच उरकत असणार आणि लिहिलेलं बहुतेक धोरणाचंच. गटार सोडून.

---

मैनाताई

ख्रिश्चनांविषयीचं ते सुप्रसिद्ध पत्र याच प्रांतातलं ना? त्यावर कोणी लिहा की.

---

पैलतीर

हो, मैनाताई. इ.स. ११२ च्या सुमाराचं, पोंटसच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याशा शहरातून लिहिलेलं. ख्रिस्ती नसलेल्या रोमन लेखकाने ख्रिश्चनांबद्दल लिहिलेला हा सगळ्यात जुना तपशीलवार मजकूर.

प्लिनीची पद्धत अशी : आणलेल्या माणसाला विचारायचं, तू ख्रिश्चन आहेस का? हो म्हणाला तर शिक्षेची धमकी देऊन पुन्हा दोनदा विचारायचं. तरी हटला नाही तर मृत्युदंड. श्रद्धा काही का असेना, हा आडमुठेपणा शिक्षेला पात्र, हे त्याचं कारण. रोमन नागरिक असेल तर रोमला पाठवायचं. मग निनावी यादी आली, त्यात बरीच नावं. ज्यांनी नाकारलं त्यांच्याकडून देवांच्या आणि सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप-मद्य वाहून घेतलं, ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावल्या आणि सोडलं. काही म्हणाले, आम्ही होतो पण सोडलं, एकाने तर वीस वर्षांपूर्वी. त्यांचा गुन्हा काय? ठरलेल्या दिवशी पहाटेआधी जमायचं, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचं, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घ्यायची. खरं काढायला प्लिनीने दोन दासींना, ज्यांना ती मंडळी सेविका म्हणत, यातना दिल्या. निघालं काय, तर त्याच्या भाषेत एक विकृत आणि अतिरेकी अंधश्रद्धा.

ट्राजानचं उत्तर चार ओळींचं : शोधून काढू नका, आरोप सिद्ध झाला तर शिक्षा करा, देवांची पूजा केली तर माफ करा, निनावी तक्रारी मुळीच घेऊ नका, ते आपल्या काळाला शोभत नाही.

मला यात दयेपेक्षा कारभाराची सोय जास्त दिसते. पत्राच्या शेवटी प्लिनी समाधानानं लिहितो की ओस पडलेली देवळं परत भरायला लागलीत आणि बळीच्या मांसाला पुन्हा गिऱ्हाईक मिळतंय. मंडळांवरची बंदी, आगीच्या पथकाला नकार आणि हे पत्र एकाच ओळीत ठेवून वाचा. त्या पहाटेच्या मंडळींनी नंतरचं एकत्र जेवणही याच बंदीच्या हुकुमामुळे थांबवलं होतं, असं त्याच पत्रात आहे.

---

चिंचगूळ

याच किनाऱ्यावरची बुवाबाजी कशी विसरलात?

अबोनोटाइकस नावाचं लहानसं बंदर, पॅफ्लागोनियात. दुसऱ्या शतकाच्या मध्यात अलेक्झांडर नावाचा देखणा, उंचापुरा माणूस तिथे 'देव' घेऊन आला. लुकियन या उपरोधी लेखकाने त्याचं सगळं बिंग फोडून ठेवलंय, तेव्हा लुकियन पक्का वैरी होता हे ध्यानात ठेवून वाचायचं. मॅसेडोनियातल्या पेला गावात अगदी माणसाळलेले नाग स्वस्तात मिळत, तिथून एक मोठा नाग विकत घेतला. हंसाचं अंडं पोकळ करून त्यात सापाचं पिल्लू घातलं आणि देवळाच्या पायासाठी खणलेल्या चिखलात रात्री पुरून ठेवलं. सकाळी चौकात अंगात आल्यासारखं नाचत जाऊन गर्दीसमोर ते काढून दाखवलं : देव जन्मला! चार-सहा दिवसांत देव अजस्र झाला. अंधाऱ्या खोलीत अलेक्झांडर गळ्यात नाग घालून बसलेला, नागाचं खरं डोकं काखेत दाबलेलं, बाहेर दिसतं ते कापडाचं, माणसासारख्या चेहऱ्याचं, दोरीनं तोंड उघडणारं. लोक एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर, थांबायचं नाही. बगळ्यासारख्या पक्ष्यांच्या श्वासनळ्या जोडून केलेल्या नळीतून मागचा माणूस बोलायचा आणि देव 'स्वतः' उत्तर द्यायचा.

देवाचं नाव ग्लायकॉन. एका प्रश्नाचा दर एक ड्राक्मा दोन ओबोल. रोमचा एक माजी कॉन्सल, रुटिलियानस, इतका नादी लागला की साठीत त्याने बुवाच्या मुलीशी लग्न केलं. उत्सवाच्या सुरुवातीला घोषणा असायची : नास्तिक, ख्रिश्चन, एपिक्युरसवाले (म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसचे अनुयायी), चालते व्हा! म्हणजे प्रश्न विचारणारे सगळे बाहेर.

लुकियन त्याला भेटायला गेला तेव्हा बुवाने चुंबनासाठी हात पुढे केला आणि याने कडकडून चावा घेतला. पुढे समुद्रात बुडवून मारायचा बेतही झाला, म्हाताऱ्या नावाड्याला दया आली म्हणून वाचला.

लुकियन फुगवून सांगतोय असं वाटलं तर नाणी बघा. ग्लायकॉनची छबी असलेली नाणी सापडतात. गावाचं नावही बुवाच्या मागणीनुसार आयोनोपोलिस झालं, आणि आजचं इनेबोलू हे त्याचंच पुढचं रूप. १९६२ मध्ये रुमानियातल्या कॉन्स्टान्त्सात ग्लायकॉनची संगमरवरी मूर्ती मिळाली, मानवी कान आणि केस असलेला नाग.

---

मैनाताई

ईईई! पण काय डोकं लावलंय. :)

---

खडूस_लेखापाल

लुकियनच्या हिशेबानं वर्षाला सत्तर-ऐंशी हजारांची आवक. म्हणजे प्रांतात एक तरी उपक्रम फायद्यात चालला होता.

---

देशावरचा

भारताशी काही संबंध येतो का या प्रांताचा? की आपलं नेहमीचं 'रोमची नाणी सापडली' एवढंच?

---

पैलतीर

येतो, आणि चांगला घसघशीत येतो. अलेक्झांडरच्या (हा बुवा नव्हे, सिकंदर) स्वारीचा सगळ्यात विश्वासार्ह मानला जाणारा वृत्तांत आणि त्याला जोडून भारतावर वेगळं पुस्तक लिहिणारा एरियन याच निकोमिडियाचा. मेगास्थिनीस आणि सिकंदराचा आरमारप्रमुख निआर्कस यांचे मूळ ग्रंथ गेले. पाटलीपुत्राची लाकडी तटबंदी, हत्ती धरायची पद्धत, सिंधूच्या मुखापासूनचा निआर्कसचा समुद्रप्रवास, यातलं बरंच आपल्यापर्यंत पोचलं ते एरियनमुळे. तो स्वतः भारतात कधी आला नाही.

हाच एरियन पुढे शेजारच्या कप्पादोकियाचा सुभेदार झाला आणि काळ्या समुद्राच्या पूर्व टोकाची पाहणी करून त्याने सम्राट हेड्रियनला अहवाल पाठवला. ट्रॅपेझसपासून (आजचं ट्रॅब्झॉन) कॉकेशसच्या पायथ्यापर्यंतचे किल्ले, शिपायांचे पगार, धान्यसाठा, आजारी किती, खंदक कसा, सगळं बघत गेलाय. ट्रॅपेझसला हेड्रियनचा पुतळा होता, त्याबद्दल एरियन सरळ लिहितो की उभं राहण्याची ढब चांगली, हात समुद्राकडे केलेला, पण चेहरा तुमच्यासारखा मुळीच नाही आणि कामही बेतास बात. नवा पाठवा. तिथल्या वेदीवरची अक्षरंही ओबडधोबड आणि चुकीची कोरली होती, ती त्याने नव्यानं करून घेतली.

प्लिनी आणि एरियन एकापाठोपाठ वाचले की फरक जाणवतो. एरियन तिथलाच, त्यामुळे त्याला विचारावं लागत नाही.

---

तळटीप

पत्रं टिकली कशी हाही एक किस्साच आहे. ट्राजानशी पत्रव्यवहाराचा हा भाग एकाच हस्तलिखितात शिल्लक होता. ते १५०० च्या सुमारास पॅरिसजवळ सापडलं, जोकोंदो या इटालियन वास्तुविशारदाने त्याची नक्कल केली आणि १५०८ मध्ये व्हेनिसच्या आल्दुसने पूर्ण पत्रसंग्रह छापला. मूळ हस्तलिखित नंतर गायब. कुणीतरी बनवाबनवी केली अशी शंका पुढे अधूनमधून घेतली गेली, पण अभ्यासकांनी ती मानलेली नाही.

आणि संग्रह संपतो कसा? बायकोच्या आजोबांचं निधन झालं, तिला तातडीनं आत्याकडे जायचं होतं, म्हणून प्लिनीने तिला सरकारी टपालाच्या घोड्यांचा परवाना दिला. नियमात बसत नव्हतं, म्हणून सम्राटाला कळवलं. ट्राजानने लिहिलं, ठीक केलंत. त्याच्यापुढे एकही पत्र नाही. बहुधा प्लिनी तिथेच, कामावर असताना गेला.

---

नुसताच_वाचक

पुढे काय झालं या शहरांचं? निकिया म्हणजे ती इ.स. ३२५ ची ख्रिस्ती धर्मसभा भरली तेच ना?

---

पैलतीर

तेच. थोडक्यात सांगतो. निकिया आणि निकोमिडिया यांचं 'पहिलं शहर कोण' यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडण. प्रुसाचा वक्ता डिओ यानं निकोमिडियाच्या लोकांना भर सभेत सुनावलं होतं की असल्या पदव्यांसाठी भांडता आणि रोमन सुभेदार तुम्हाला हसतात. (हा डिओही काही साधू नव्हता. धान्य महागलं तेव्हा त्याच्याच गावचा जमाव त्याचं घर जाळायला निघाला होता.) इ.स. १९३ मध्ये सम्राटपदासाठी पेटलेल्या यादवीत निकियाने नायजरची बाजू घेतली, निकोमिडियाने सेव्हरसची. सेव्हरस जिंकला. निकियाच्या वेशींवर कोरलेल्या बढाईच्या पदव्या छिन्नीनं खरवडून काढल्या गेल्या, ते ओरखडे इझनिकच्या वेशींवर अजून दिसतात.

तिसऱ्या शतकाच्या मध्यात गॉथ लोक होड्यांतून आले आणि ट्रॅपेझस, निकोमिडिया, निकिया, प्रुसा सगळं लुटून गेले. पुढे सम्राट डायोक्लिशियनने निकोमिडियाला आपली राजधानी केलं आणि इ.स. ३०३ मध्ये ख्रिश्चनांचा मोठा छळ तिथूनच सुरू केला, शहरातलं चर्च पाडून. इ.स. ३५८ च्या भूकंपात निकोमिडिया भुईसपाट झालं. पाठोपाठ आग लागली आणि ती कितीतरी दिवस विझली नाही.

---

वाळू_सिमेंट

इझमितला १९९९ चा भूकंपही आठवतो. फॉल्ट तोच, उत्तर अ‍ॅनाटोलियाचा. नाटकगृहाच्या भेगांबद्दल जमिनीइतकाच संशय आता त्याच्यावरही घ्यायला हवा. प्लिनीच्या यादीत ही तिसरी शक्यता नाही.

---

चिंचगूळ

जाता जाता कॅलिड्रोमसचा उल्लेख राहू नये. निकोमिडियातल्या दोन बेकरीवाल्यांनी कामाला ठेवून डांबलेला हा माणूस पळून सम्राटाच्या पुतळ्याच्या आश्रयाला गेला. चौकशीत त्याने सांगितलं की मी लाबेरियस मॅक्सिमसचा गुलाम होतो, मोएसियात (डॅन्यूबकाठचा रोमन प्रांत) शत्रूने पकडलं, डॅन्यूबपलीकडच्या डेशियाच्या राजाने, डेसेबालसने, मला पार्थियाच्या (इराणकडचं राज्य) पॅकोरस राजाला भेट म्हणून पाठवलं, तिथे बरीच वर्षं काढली आणि पळून इथे पोचलो. पुरावा म्हणून पॅकोरसचं चित्र असलेली अंगठी होती म्हणे, ती चोरीला गेली. उरला होता पार्थियाच्या खाणीतला म्हणून दाखवलेला एक ओबडधोबड खडा. प्लिनीने माणूस पाठवला आणि खडाही, आपल्या अंगठीच्या चार घोड्यांच्या रथाच्या मोहरेनं सीलबंद करून.

---

मैनाताई

मग सम्राट काय म्हणाला?

---

चिंचगूळ

त्या पत्राचं उत्तर संग्रहात नाही. बेकरीवाल्यांची नावं मात्र आहेत : मॅक्सिमस आणि डायोनिसियस.